सुई वर असताना दिसलेली लाट

३ सप्टेंबर २०२४, मंगळवार

आजही नाही आली. सहावा तुकडा! हर्षलच्याच डबीतला, त्याच्याच अक्षरात ‘एच-१७’ लिहिलेला. सेलोटेप लावली, वरचा पापुद्रा सोलला, खालचा ताजा थर लखलखीत निघाला. मायक्रोस्कोपची सुई खाली आणली. अणू स्वच्छ दिसले, शहाण्या मुलांसारखे रांगेत. पण लाट नाही.

टायटॅनियम आणि सेलेनियमचा हा क्रिस्टल चिरोट्यासारखा, पापुद्र्यावर पापुद्रा. शून्याखाली सत्तर अंशांच्या पलीकडे थंड केला की त्यातले इलेक्ट्रॉन एकसारखे पसरून राहणं सोडतात. कुठे दाटी, कुठे विरळ — त्यांची लाट होते आणि अणूही तिच्यामागे केसभर सरकतात. केसभर म्हणायची पद्धत, खरं तर केसाचा कोटीवा भाग. आमच्या सुईला मग एक सोडून एक अणू उजळ दिसतो. इथवर सगळ्या जगाला माहीत आहे. हर्षलचं म्हणणं, त्याच्या सतराव्या बॅचमध्ये ही लाट थंड न करताही टिकते, साध्या खोलीत. त्यावर त्याचा पेपर आहे. पहिलं नाव त्याचं, मग माझं, शेवटी आमच्या गाईड सरांचं. तो ट्रकखाली गेला आणि महिन्याभराने पेपर छापून आला. माझ्या थीसिसचं तिसरं प्रकरण त्याच पेपरवर उभं आहे.

तो असता तर खुर्ची ओढून म्हणाला असता, सरक, तुले नाई जमत. दीड वर्ष झालं. खुर्ची तीच आहे, डावीकडे कलते.

४ सप्टेंबर

सातवा तुकडा. नाही.

८ सप्टेंबर, रविवार

मोजायला रविवार बरा. शेजारी हॉस्टेलचं बांधकाम चाललंय, ते आज बंद असतं. आमच्या सुईला सगळं ऐकू येतं — लिफ्ट, मिक्सर, लांबवरची मालगाडी, चपलांची फटफट. ती चित्र ओळीओळीने काढते, आणि कोणी हललं की त्यात आडवी रेघ उमटते. म्हणून स्कॅन चालू असताना लॅबमध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही. उठलातच तर लॉगबुकात लिहायचं, कितव्या ओळीला आणि कशामुळे.

आज हर्षलचं जुनं लॉगबुक काढलं. सगळे रकाने इंग्रजीत, फक्त शेवटचा शेरा मराठीत. सरांना मराठी येत नाही, लॅबमध्ये मराठी आम्ही दोघंच. मग काय, रान मोकळं! ‘ओळ १०४ — मालगाडी. संपता संपेना.’ ‘ओळ २३० — शिंक. माझीच.’ ‘ओळ ३१२ — गुंजन आली. दार आपटून.’

त्याच्या कच्च्या फाइली उघडल्या आणि रेघा जुळवत बसले. १०४ ला रेघ आहे. २३० ला आहे. ३१२ ला तर चांगली जाडजूड, चार ओळी हललेल्या. ती मी! आणि दर दुसऱ्या चित्रात एक ठरलेली रेघ — तेव्हा तो चहाला उठायचा. त्याच्या आईने, काकूंनी, त्याचे कपडे वाटून टाकले, बाइक भंगारात गेली, आणि तो खुर्चीवरून उठला ते उठणं तेवढं इथे पडून आहे. चार वाजेपर्यंत नुसत्या रेघा बघत राहिले. काम काही झालं नाही.

१० सप्टेंबर

सर आज खुशीत. अठरा ऑक्टोबरला हर्षलच्या नावाने व्याख्यान, आणि मग दरवर्षी. निमंत्रणपत्रिकेवर पेपरातलं त्याचं ते चित्र छापणार. काका-काकूंना मंचावर बसवणार. मी पंधरा मिनिटं बोलायचं — हर्षलचं काम पुढे कसं गेलं. मी मान डोलावली. आठ तुकडे झाले आणि एकातही लाट नाही, हे तोंडातून निघालंच नाही.

घरी सांगितलं. बाबा आणि हर्षलचे वडील, देवीदासकाका, स्टील प्लांटमध्ये एकाच मिलवर सव्वीस वर्षं होते. बाबांनी जेवता जेवता उठून काकांना फोन लावला. काकांनी एवढंच विचारलं म्हणे, की त्या दिवशी पांढरा शर्ट चालेल का. बाबा फोन ठेवून बराच वेळ हात न धुता बसले होते.

१५ सप्टेंबर, रविवार

हे लिहू की नको, कळत नाही. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहिते.

माझ्या पद्धतीने लाट दिसत नाही, तर त्याच्या पद्धतीने बघू म्हटलं. त्याच्या फोल्डरमध्ये ‘साफ’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम आहे. चित्रातला पसारा काढून टाकायचा आणि ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणारं तेवढं ठेवायचं, एवढंच त्याचं काम. सकाळचं माझं चित्र त्यात घातलं.

लाट आली! एक सोडून एक, उजळ, पट्ट्यापट्ट्यांनी — हुबेहूब छापलेल्या चित्रासारखी. मी ओरडलेच. सातवा तुकडा घातला, आली. सहावा, आली. मग हाताला चाळा म्हणून दुसऱ्याच बॅचचा, अगदी साधा तुकडा घातला. खोलीत त्यात लाट असूच शकत नाही. तीही आली.

रोज सकाळी आम्ही एक रिकामं चित्र घेतो, नुसती यंत्राची कुरकुर तपासायला. सुई वर उचललेली, खाली क्रिस्टल नाही, काही नाही. वायरींची गुणगुण आणि आजची एक मालगाडी, एवढंच होतं त्यात. ते घातलं.

लाट आली. समोर एक अणू नसताना, एक सोडून एक, सुंदर.

पाठीमागे कोणीतरी उभं आहे असं वाटलं. वळले तर खरंच होतं — बाबुलाल, नायट्रोजनची टाकी बघायला आलेला. त्याने स्क्रीनकडे बघून मान हलवली. “बने दिखत हे मैडम,” म्हणाला. छान दिसतंय म्हणे! मी पटकन स्क्रीनवरची खिडकी बंद केली, जणू काही भलतंच बघत होते.

१६ सप्टेंबर

खोटारडा! दुसरा शब्द नाही. चाळणीच अशी बसवली की तिच्यातून लाटच पडावी. चकलीच्या सोऱ्यात काहीही घाला, बाहेर चकलीच येते. आणि मी त्या चकलीवर दोन वर्षं घातली. मला म्हणायचा, गुंजन, घाई करू नको, आधी दहादा बघ. स्वतः काय केलंस रे?

गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. उलट बोलत नाही म्हणून राग आणखी चढतो.

आईने विचारलं, कावून तोंड पाडून राहिली वं? तब्येत, म्हटलं.

२२ सप्टेंबर, रविवार

पद्मनाभपुरला गेले होते, काकांकडे. सांगायलाच गेले होते. समारंभात सगळ्यांसमोर उघडं पडण्यापेक्षा आधी घरात कळलेलं बरं, असं घरून, रिसालीहून निघताना ठरवलं होतं. ऑटोत वाक्यंसुद्धा जुळवली.

बैठकीत समोरच्याच भिंतीवर ते चित्र, फ्रेम करून. शेजारचे कोणी गृहस्थ बसले होते आणि काका त्यांना समजावत होते. सगळं पाठ आहे त्यांना. “हे पाय, एक सोडून एक चमकते. बाकीचे म्हणत, थंडीतच होते. आपल्या पोरानं दाखवून देलं, उन्हाळ्यातबी होते.” गृहस्थ हो हो करत होते. काकांनी माझ्याकडे बघितलं, बरोबर सांगितलं ना म्हणून. मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

पितृपक्ष चालू आहे. आईबापांनी मुलाचं पान ठेवायचं नसतं म्हणतात. सुशीलाकाकू अंगणाच्या भिंतीवर रोज एक पोळी ठेवतात, नाव घेत नाहीत. कोणासाठी ते त्यांना कोणी विचारायचं नाही, असं घरात ठरलेलं दिसतं. मी निघाले तेव्हा पोळी तशीच होती, कावळा आलेला नव्हता. काकू म्हणाल्या, येईन दुपारून, त्याले उशिराच उठाची आदत.

परतीच्या ऑटोत मी रडले. ड्रायव्हरने आरसा फिरवून घेतला, चांगला माणूस.

२५ सप्टेंबर

आज तो ‘साफ’ आतून उघडला. सोऱ्या नेमका कुठे बसवलाय ते बघायचं होतं. पुरावा हवा होता मला, काय काय केलं त्याने त्याचा.

सगळ्यात वरची ओळ: गुंजन, ११ ऑगस्ट २०२२.

मी लिहिलेला प्रोग्रॅम आहे. माझा!

तीनदा वाचलं. मग आठवलं, हळूहळू, दाताखाली खडा यावा तसं. लॅबमध्ये येऊन मला दोनच महिने झाले होते. हर्षल म्हणाला, प्रोग्रॅमिंग येतं ना, एक साफसफाईचं लिहून दे. मी तीन दिवसांत दिलं. प्रोग्रॅमने आधी चित्रात शोधायचं की काही पुन्हा पुन्हा येतंय का आणि किती अंतराने. तो भाग जमत नव्हता. म्हणून तात्पुरतं मी थंड क्रिस्टलचं माहीत असलेलं अंतर आकड्याने ठोकून दिलं. नंतर बदलायचं होतं. शेजारी लिहिलंय पण — ‘नंतर बदलणे’. नंतर मी दुसरं सॉफ्टवेअर वापरायला लागले, आणि नंतर ते नंतरच राहिलं.

एवढंच असतं तर बरं. पण त्याने विचारलं होतं. पुढे कधीतरी, जिन्यात. “अंतर चित्रातून शोधते ना तुझा प्रोग्रॅम, का तू बसवलं?” मला राग आला होता. शंका घेतो म्हणजे काय! न बघता सांगितलं — शोधतो.

त्याने विश्वास ठेवला. त्याची चूक एवढीच.

२७ सप्टेंबर

प्रोग्रॅममधली माझ्या नावाची वरची ओळ पुसली. परत लिहिली. परत पुसली.

आता ती नाही.

१ ऑक्टोबर

सरांना सांगितलं. एवढंच की लाट नाहीये, रिकाम्या चित्रातही येते. रिकामं चित्र दाखवलं. सर पंख्याकडे बघत होते. मग दार लावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, “प्रोसेसिंग हर्षल की ही थी न?”

मी हो म्हटलं.

खोटं नाही. बटण त्यानेच दाबलं होतं. अशी कारणं मला केबिनमधून बाहेर पडायच्या आतच सुचली, भराभर. सरांनी पुढे काही विचारलं नाही. प्रोग्रॅम कोणाचा, हे विचारायला हवं होतं ना त्यांनी? मी वाट बघत होते. विचारलं असतं तर सांगितलं असतं. बहुतेक.

३ ऑक्टोबर

सरांनी जर्नलला पाठवायच्या पत्राचा मसुदा दिला. पेपर मागे घेतोय. इंग्रजीत गुळगुळीत लिहिलंय, पण अर्थ असा: पहिल्या लेखकाने चित्रांवर अयोग्य संस्कार केले, बाकीच्या लेखकांना याची कल्पना नव्हती, पहिला लेखक हयात नसल्याने त्याचा खुलासा देता येत नाही.

अयोग्य संस्कार म्हणजे काय, ते आमच्या धंद्यातला कोणीही ओळखतो. लबाडी, असंच वाचतात ते. पत्र कायम राहणार. उद्या कोणी हर्षलचं नाव शोधलं तर आधी हेच वर येणार.

मी ‘सहमत’ एवढं उत्तर द्यायचं. सर म्हणाले की माझी थीसिस वाचेल, तिसरं प्रकरण काढून टाकू, सहा महिने उशीर, बस. माझ्या नावाला काही लागणार नाही. समारंभाचं ते बघतील, तब्येतीचं कारण सांगून पुढे ढकलतील, मग आपोआप विसरलं जाईल. सगळं नीट विचार करून ठेवलेलं. मला थँक यू म्हणावंसं वाटलं आणि त्याचीच लाज वाटली.

आज घट बसले. आई म्हणाली, काही मागायचं असेल तर माग. मी काही मागितलं नाही, भीती वाटली.

६ ऑक्टोबर, रविवार

लॅबमध्ये मी एकटी. बाबुलाल नाही, बांधकाम बंद, लिफ्ट बंद. सहज म्हणून स्कॅन लावला. सवय.

दगडासारखी बसले होते. श्वाससुद्धा बेताने. ओळ २८० ला रेघ आली. मालगाडी नव्हती, मालगाडीची रेघ लांबट, थरथरती असते. ही छोटी, एकच झटका — खुर्चीवरून कोणी उठावं तशी. पुढचं चित्र स्वच्छ. त्याच्या पुढच्यात पुन्हा, जवळजवळ तिथेच. मग स्वच्छ. मग पुन्हा.

दर दुसऱ्या चित्रात.

कारण असेल. पंप असेल, टाकीचा व्हॉल्व्ह असेल, कुठलं तरी स्प्रिंग सैल झालं असेल. शोधलं तर सापडेल. मी शोधलं नाही. लॉगबुकात ओळ लिहिली आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘माहीत नाही’ लिहिलं. दुसऱ्या वेळीही तेच लिहिलं. तिसऱ्या वेळी ‘हर्षल’ लिहिलं. मग ते इतकं गिरगटून काढलं की कागद फाटला.

त्या रिकाम्या खोलीत मोठ्याने बोलले. म्हटलं, सांग ना काय करू. नियम मोडून बोलले, त्याचीही रेघ आली असणार. बघितली नाही, यंत्र बंद केलं आणि घरी आले.

७ ऑक्टोबर

दहा वाजून चाळीस मिनिटांनी ‘सहमत’ पाठवलं. पाऊण तासात सरांचं पत्र गेलं.

दुपारी झोपले, चार तास, गाढ. दोन आठवड्यांत पहिल्यांदा. उठल्यावर आईने केलेले पोहे दोनदा मागून खाल्ले. अशी आहे मी!

१० ऑक्टोबर

काकांचा फोन. सरांनी त्यांना कळवलंय, व्याख्यान रद्द. पुढे ढकललं नाही, रद्दच. काकांना काहीतरी वास लागला असावा, चाळीस वर्षं माणसं बघितलेला माणूस आहे. इकडचं तिकडचं काही नाही, सरळ विचारलं.

“हर्षलनं चूक केली असन तं केली. खोटं तं नाई केलं ना, बाई?”

मी म्हटलं, दसऱ्याला येते काका, तेव्हा बोलू. ते बरं म्हणाले, पण फोन ठेवला नाही. मीच कापला.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

बाबा सोबत येतो म्हणत होते. एकटीच गेले, आपट्याची पानं रुमालात घेऊन.

भिंतीवर चित्र नव्हतं. फ्रेमच्या आकाराचा चौकोन तेवढा जास्त पिवळा. कुठे ठेवलं ते विचारलं नाही. काकू देवापाशी होत्या. मी काकांच्या हातात सोनं दिलं, पाया पडले, आणि वाकलेली असतानाच बोलून टाकलं. उभी राहिले असते तर जमलं नसतं. काका, प्रोग्रॅम माझा होता. त्याने मला विचारलं होतं आणि मी न बघता सांगितलं. त्याने काही खोटं केलं नाही. मी सरांना सांगितलं नाही. त्याच्या नावाने पत्र गेलंय. मीच सहमत म्हटलं.

काकू देवघराच्या दारात येऊन थांबल्या होत्या, हातात निरांजन.

काकांनी मला बस म्हटलं नाही, रागावलेही नाहीत. हातातली पानं टीपॉयवर एकेक करून मांडली.

“पत्र गेलं का?”

“गेलं.”

“मंग आमाले कावून सांगून राहिली?” ते माझ्याकडे बघत नव्हते. “आमचं काय, आम्ही तं तुले माफ करून टाकू. आमच्या पोरावानी तू. पण मिलमधी ज्याच्या पाळीत माल बिघडला, त्यानंच आपल्या हातानं रजिस्टरात लिवा लागे. दुसऱ्यानं लिवलेलं चालत नव्हतं. ज्याइले पत्र लिवलं, त्याइले सांग.”

मी उभीच होते. मला वाटलं होतं ते ओरडतील, किंवा डोक्यावर हात ठेवतील. दोन्हीपैकी एक झालं असतं तरी मी सुटले असते. निघताना काकूंनी माझ्या मुठीत पानं कोंबली, रीत म्हणून. त्यांचा हात थंड होता. दाराशी कोणी थांबलं नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

लिहिलं. सरळ जर्नलच्या संपादकांना, प्रत सरांना. प्रोग्रॅम जोडला, माझ्या नावाच्या ओळीसकट. जुनी प्रत माझ्या लॅपटॉपवर होती. ठोकलेला आकडा कुठल्या ओळीत आहे ते लिहिलं. जिन्यातला प्रश्न लिहिला आणि माझं उत्तरही. हर्षलने जाणूनबुजून काही केलं नाही, मागच्या पत्रातलं ते वाक्य काढावं, पत्रात चुकीपुढे माझं नाव घालावं, असं लिहिलं. चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचलं असतं तर पाठवलं नसतं.

मग घरी सांगितलं. बाबा उठून बाहेर गेले, गेटपाशी उभे राहिले. आई म्हणाली, डिग्री नाई भेटली तं नाई भेटली, जेवून घे. जेवले नाही. बाबा आत आले तेव्हा त्यांनी माझंच ताट पुढे ओढलं आणि माझ्यासमोर बसून गार झालेलं जेवले.

१४ ऑक्टोबर

सर बोलत नाहीत. लॅबच्या ग्रुपमधून मला काढलंय. बाबुलाल तेवढा नेहमीसारखा — टाकी भरली, मैडम.

१७ ऑक्टोबर

संपादकांचं उत्तर आलं. ते म्हणतात, पेपर थांबवावा अशी विनंती त्यांच्याकडे आधीही आली होती, छापायच्या आधीच. तो मेल जोडलाय. खाली हर्षलचं नाव. १६ फेब्रुवारी २०२३, म्हणजे तो जायच्या तीन दिवस आधी. प्रोग्रॅम सदोष आहे, रिकाम्या चित्रातही लाट देतो, तपासायची जबाबदारी माझी होती आणि चूक माझी आहे, असं लिहिलंय. पुढे त्याचेच शब्द: प्रोग्रॅम कोणी लिहिला ते मी इथे लिहीत नाही, उद्या तिची परीक्षा आहे, झाली की तिला मी स्वतः सांगेन.

संपादकांनी तेव्हा सरांना विचारलं होतं. सरांचं उत्तरही जोडलंय: विद्यार्थी मानसिक ताणाखाली होता, त्याचं निधन झालं आहे, पेपर छापावा.

सतरा फेब्रुवारीला परीक्षा माझीच होती. संध्याकाळी हर्षल मला सिविक सेंटरच्या बाजारात घेऊन गेला, समोसे मागवले, आणि म्हणाला, एक बोलायचं होतं. मी म्हटलं, थांब, आधी माझं ऐक. आणि तासभर माझंच सांगत बसले.